डाव्या हाताची बोटं

मशीन काढून आणायचं, एवढंच काम होतं. चार स्क्रू आणि एक वायर. जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं, स्कूटीच्या डिकीत सहज मावेल असं हजेरीचं मशीन.

कंपनीचे मॅनेजर ऋतुराजसाहेब यांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा बद्रीनाथला वाटलं होतं, उद्याच्या साक्षीची पुन्हा एकदा उजळणी घेणार. तसं काही झालं नाही. साहेबांनी मोबाईलमधून डोकंही वर काढलं नाही.

"चितेगावला जाऊन ये. गेटवरच्या केबिनीतलं मशीन काढ आणि संध्याकाळी माझ्या घरी आणून दे. उद्या सुनावणीत मूळ मशीन दाखवा म्हणतायत. त्याआधी आपला माणूस जरा बघून घेईल."

"बघून म्हंजे, साहेब?"

"बघून म्हणजे बघून. तू टाइमकीपर आहेस, इंजिनिअर नाहीस."

चौदा वर्षं ठेकेदाराकडे टाइमकीपरी केल्यावर, कारखान्याला आग लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यात बद्रीनाथला कंपनीचं परमनंट लेटर मिळालं होतं. शहरातल्या ऑफिसात स्टोअरला खुर्ची, वर पंखा, पगाराची स्लिप. ते लेटर कशाबद्दल मिळालं हे साहेबांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

पाच वाजता तो निघाला. जानेवारीचा दिवस, ऊन लवकर पिवळं पडलेलं. नक्षत्रवाडी मागे पडली, पैठण रोडवर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. बद्रीनाथ उजव्या हातानं गाडी सांभाळत होता. चार महिन्यांपासून डावा हात तो शक्यतो खिशातच ठेवायचा. बायको म्हणायची, "हाताला काय लकवा झाला काय?" तो म्हणायचा, "थंडी हाय."

त्या हाताची गोष्ट आधी सांगायला हवी.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, चितेगावच्या त्या रबरपार्टच्या कारखान्यात थिनरचं पिंप पेटलं. नऊ माणसं गेली. एकच शेड, एकच धूर आणि एकच शटर, बाहेरून कुलूप लावलेलं. पार्ट चोरीला जातात म्हणून ठेकेदारानं ते कुलूप लावलं होतं. मरताना नऊही जण सारखेच मेले. त्यांची प्रतवारी लागली ती मेल्यानंतर.

तिघे परमनंट ऑपरेटर होते. त्यांना न्यायला शवागाराच्या दारात अँब्युलन्स उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी मांडव घातला गेला, घरच्यांना स्टेजवर बोलावून तीस-तीस लाखांचे चेक, शाल आणि श्रीफळ दिलं. नवरा जळून पंधरवडा झालेल्या बाईच्या हातात नारळ द्यावा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? पण फोटो छापून आला, आणि तो चांगला आला म्हणून कंपनीनं फ्रेम करून रिसेप्शनला लावला. दोघे ठेकेदाराच्या यादीतले होते. त्यांना सरकारनं जाहीर केलेले पाच लाख मिळाले, तेही तीन महिने कागद नाचवल्यावर. उरल्या चौघी, त्याही ठेकेदाराच्याच. शकीला, लीलाबाई, तबस्सुम आणि सोजरबाई. त्यांना घरी न्यायला टेम्पो ज्याचा त्यानं आणायचा होता. त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, कारण कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या त्या वेळी कामावर नव्हत्याच. हजेरीच्या मशीनमध्ये नोंद होती: चौघीही सहा वाजता बाहेर. मग सहा वीसला त्या शेडमध्ये काय करत होत्या? कंपनीनं लेखी उत्तर दिलं होतं: "चोरीच्या हेतूने पुन्हा आत शिरल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मशीन खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणत होते. मशीन खोटं बोललं नव्हतंच. बोलली होती ती बद्रीनाथची बोटं.

त्या चौघी फिनिशिंगला होत्या. साच्यातून निघालेल्या रबराच्या कडा पॉलिश पेपरनं घासायच्या आणि थिनरच्या फडक्यानं पुसायच्या. दिवसाला दोन हजार पार्ट. वर्षभरात बोटांच्या टोकावरच्या रेषा निघून जायच्या, कातडी आरशासारखी गुळगुळीत व्हायची. मग सकाळी मशीनवर बोट ठेवलं की मशीन म्हणायचं, "प्लीज ट्राय अगेन." पुन्हा ठेवलं, पुन्हा ट्राय अगेन. मागं चाळीस माणसांची रांग, पुढं ठेकेदाराची शिवी, आणि दहा मिनिटं उशीर म्हणून अर्धा दिवस कापला.

एके सकाळी शकीला केबिनीच्या पायरीवर बसून रडली, तेव्हा बद्रीनाथनं ती गोष्ट केली. तिच्या नंबरावर आपल्या डाव्या हाताचं, अंगठ्याजवळचं पहिलं बोट नोंदवलं. मग मधलं लीलाबाईच्या नंबरावर, अनामिका तबस्सुमच्या, करंगळी सोजरबाईच्या. रोज आठ वाजता त्या नुसत्या हात दाखवून आत जायच्या आणि तो चार बोटं एकामागून एक मशीनवर ठेवायचा. मशीन चारदा म्हणायचं, "थँक्यू."

चौघींनी त्याची गंमत करून टाकली होती.

"भाऊ, माझं बोट सांभाळून बरं का," शकीला म्हणायची. "भाजी चिरताना कापलंस तर मेरा खाडा होतो."

"माझं मधलं हाय," लीलाबाई म्हणायची. "जेवताना तेवढं खरकटं करू नको, बाबा."

"माझी करंगळी. तिला काय काम लावू नको, ती नाजूक हाय," सोजरबाई म्हणायची. सोजरबाईच्या हाताची एकेक पेरं गाठीसारखी झाली होती.

दया करायला गेला तो माणूस आणि ठेकेदारानं त्या दयेचं हत्यार केलं. त्याच्या लक्षात आलं की या चार बायका कधी आल्या आणि कधी गेल्या हे आता बद्रीनाथच्या हातात आहे. मग हुकूम निघाला. सहा वाजले की चौघींना मशीनवर बाहेर काढायचं, काम मात्र साडेसातपर्यंत. जादा तासांचा प्रश्नच नको. फिनिशिंगमधलं भिंतीवरचं घड्याळ काढलं गेलं, मोबाईल तर आधीपासूनच गेटवर जमा व्हायचे. त्यामुळे संध्याकाळी बद्रीनाथ रजिस्टर घेऊन शेडवरून गेला, की आतून कुणीतरी विचारायचं,

"भाऊ, सहा वाजले का?"

आणि तो म्हणायचा, "अजून वेळ हाय."

त्या मंगळवारीही लीलाबाईनं विचारलं होतं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वेळा थँक्यू म्हणून झालं होतं. तो म्हणाला, "अजून वेळ हाय," आणि रस्त्यापलीकडं चहा प्यायला गेला.

आगीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात शकीलाचा नवरा गयास त्याच्या घरी आला होता. गावात पंक्चरचं दुकान, हाताला कायम काळं. दारातच उभा राहिला.

"बद्रीभाऊ, मी भांडायला नाही आलो. तू फकत सच बोल. तुझी बोटं होती. शकीला मला रोज सांगायची, हसायची."

"मला काय ठावं नाय, गयासभाई."

"खुदा के वास्ते, एक वाक्य."

बद्रीनाथनं दार लावून घेतलं. हळूच लावलं, आवाज होऊ न देता. लेटर त्याच्या पुढच्याच पंधरवड्यात आलं. पण गयास थांबला नाही. लीलाबाईची मेघा कॉलेजात शिकणारी पोर, तिनं अर्ज लिहिला, गयासनं खेटे घातले, आणि शेवटी कामगार कार्यालयातल्या अधिकारीबाईंनी मूळ मशीन आणि टाइमकीपर दोन्ही हजर करा असा आदेश काढला.

म्हणून आज हे चार स्क्रू.

कारखान्याच्या गेटवर पोचला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. वॉचमन कडुबा गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. मफलर, हातात काठी.

"कडुबा, बाहेर कशापायी बसला? केबिनीत बस की."

"साडेपाच झाले का मी आत नाय बसत."

"का रं?"

कडुबानं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "तुला कशाला सांगू? तुला ठावं हाय का नाय ते तूच सांग."

"कोड्यात नको बोलू."

"शेडात घासल्यावानी आवाज येतो. रोज. उंदीर म्हणलं, घूस म्हणलं. पण घूस तीनदा घासून एकदा फुंकत नसती, बद्रीभाऊ." त्यानं चावीचा जुडगा पुढं केला. "लवकर निघ. आन काय इचारलं तर... नीट उत्तर दे."

"कोण इचारतंय?"

कडुबानं काठी उचलून नुसती मांडीवर आडवी घेतली.

केबिनीचं दार फुगलं होतं. खांदा लावावा लागला. आत शिरल्याबरोबर त्याला वासानं थांबवलं. जळक्या रबराचा वास चार महिन्यांनी असणारच, त्याची त्याला तयारी होती. हा वास वेगळा होता. ओला, गोडसर, नाकात झोंबणारा. नुकतंच फडकं बुडवून पिळावं तसा ताज्या थिनरचा.

वीज आगीच्या दिवसापासून तोडलेली होती. खिडकीतून उरलेला उजेड येत होता, तेवढ्यात मशीन दिसलं. भिंतीवर, जिथल्या तिथं. काचेवर धुळीचा थर. मात्र बोट ठेवायची ती छोटी चौकोनी जागा स्वच्छ होती. पुसल्यासारखी.

त्यानं पहिला स्क्रू काढला. दुसरा. तिसरा गंजला होता, जोर लावावा लागला. चौथा काढून त्यानं मागची वायर ओढली. मशीन हातात आलं, थंडगार, अपेक्षेपेक्षा जड. पिशवीत घालायला वळला आणि पिशवीच्या तोंडाशी हिरवा उजेड पडला.

स्क्रीन लागली होती.

वायर खाली लोंबत होती. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच संपलेली असणार. स्क्रीनवर वेळ होती. सतरा एकोणसाठ. तो बघत असतानाच आकडे बदलले. अठरा शून्य शून्य. आणि खाली नेहमीची ओळ आली, बोट ठेवा म्हणून.

तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला. केबिन आणि शेड यांच्यामध्ये पंधरा पावलांचं अंगण होतं. शेडचं शटर अग्निशमनवाल्यांनी कापून काढलेलं, तिथं आता मोठं काळं तोंड होतं. आवाज त्या काळोखातून येत होता.

खस्... खस्... खस्... मग थांबून, फू.

रबराचा भुसा उडवायला त्या फुंकर मारायच्या, तशी.

खस्... खस्... खस्... फू.

एक नव्हे, अनेक हात होते, थोडे मागेपुढे. कडुबाला हाक मारावी म्हणून बद्रीनाथनं तोंड उघडलं. तेवढ्यात घासायचा आवाज थांबला. सगळे हात एकदमच थांबले. कुणीतरी दमलेल्या आवाजात, नेहमीच्या, अगदी रोजच्या सुरात विचारलं,

"भाऊ... सहा वाजले का?"

लीलाबाई.

आणि बद्रीनाथच्या तोंडून, जुनी सवय म्हणून, विचार करायच्या आत निघून गेलं,

"अजून वेळ हा..."

शब्द अर्धा राहिला. त्यानं तळहात तोंडावर दाबला. पण पलीकडं ऐकू गेलं होतं. काळोखात एक लांब उसासा सुटला. कुणी तक्रार केली नाही, कुणी शिवी दिली नाही. आणि पुन्हा सुरू झालं. खस्... खस्... खस्... फू.

त्या चार महिन्यांत बद्रीनाथ रडला नव्हता. आता रडला. अंगणात येऊन उभा राहिला, पिशवी छातीशी धरून, आणि ओरडला, "वाजले! सहा वाजले, बायांनो! कवाच वाजले! चला, उठा!"

घासणं चालूच होतं.

"अगं सोड ना शकीला... चला की..."

खस्. खस्. खस्.

त्यांना त्याचं खरं वाटत नव्हतं. का वाटावं? पिशवीतून हिरवा उजेड येत होता. बोट ठेवा. त्यानं डावा हात खिशातून काढला. पहिलं बोट काचेपाशी नेलं. काचेच्या उबेची जाणीव झाली, एवढं जवळ. मशीनला माणसासारखी ऊब होती. बोट ठेवलं की शकीला बाहेर. मग मधलं, मग अनामिका, मग करंगळी. एका मिनिटाचं काम. त्यानंतर हा आवाज थांबेल, त्या जातील, आपणही घरी जाऊ.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की हेच तर आपण त्या दिवशी केलं होतं. ह्याच बोटांनी, ह्याच वेळेला. त्या आत असताना.

त्यानं बोट मागं घेतलं.

"आज नाय काढत तुमाला," तो म्हणाला. "खोटं नाय काढत. उद्या... उद्या मॅडमच्या समोर काढतो. सगळ्यांच्या देखत. तेवढी रात... तेवढी एक रात थांबा."

घासणं मंदावलं. एकेक हात थांबत गेला. शेवटी एकच राहिला, तोही थांबला. कुणीतरी एक फुंकर मारली, आणि ती फुंकर पंधरा पावलांवरून येऊन त्याच्या गालाला लागली. बारीक, थंड, रबराच्या भुशाची.

गेटबाहेर कडुबानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि चाव्या घेतल्या. म्हणाला, "इचारलं ना?"

"इचारलं."

"काय म्हणलास?"

"पयले चुकलो. मंग सुधारलं."

पैठण रोडनं परत येताना डावा हात त्यानं खिशात घातला नाही. हँडलवर ठेवला. चारही बोटांना वेगवेगळा भार जाणवत होता, रस्ता ओलांडताना लेकरं एकेक बोट धरतात तसा. फोन तीनदा वाजला. नक्षत्रवाडीला गाडी कडेला लावून त्यानं तो घेतला.

"कुठायस?" ऋतुराजसाहेब.

"साहेब, स्क्रू गंजलेत. मशीन निघंना. सकाळी पुन्हा जातो, थेट सुनावणीला घेऊन येतो."

"मूर्खा, मला आज पाहिजे. परमनंट लेटर असलं तरी तू अजून प्रोबेशनवर आहेस, माहीत आहे ना?"

"माहीत हाय," बद्रीनाथ म्हणाला आणि फोन बंद केला. त्या रात्री मशीन त्याच्या उशाशी पिशवीत होतं. बायकोनं काय आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाया हायेत." तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला कामगार कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली भरली. एका बाजूला कंपनीचे वकील आणि ऋतुराजसाहेब, इस्त्रीचे शर्ट, बाटलीबंद पाणी. दुसऱ्या बाजूच्या बाकांवर चार घरं. गयास, मेघा, तबस्सुमची आई, सोजरबाईचा नवरा. पाणी त्यांनी घरून आणलं होतं. अधिकारीबाई चष्मा सावरत कागद बघत होत्या. बद्रीनाथनं मशीन टेबलावर ठेवलं. ते बघून ऋतुराजसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण वकिलांनी त्यांच्या दंडाला हात लावला. साक्षीदार आपलाच आहे, असा त्याचा अर्थ होता.

शिपायानं मशीनची पिन बोर्डात घातली. वकील उठले.

"तुम्ही तिथं टाइमकीपर होता?"

"व्हय."

"आगीच्या दिवशी हे यंत्र व्यवस्थित चालू होतं?"

"व्हय साहेब. एक नंबर चालू होतं."

"आणि या नोंदीप्रमाणे चारही महिला सहा वाजता कारखान्यातून बाहेर पडल्या. बरोबर?"

बद्रीनाथनं बाकांकडं पाहिलं. गयास त्याच्याकडं बघत नव्हता. त्याला कुठलीच आशा नव्हती, तो आपल्या काळ्या नखांकडं बघत होता.

"नाय साहेब," बद्रीनाथ म्हणाला. "त्या नाय पडल्या. माझी बोटं पडली."

वकील म्हणाले, "साक्षीदाराची तब्येत..." ऋतुराजसाहेब उठून उभे राहिले. अधिकारीबाईंनी पेन टेबलावर आपटलं. "खाली बसा दोघं. तुम्ही बोला."

तो बोलला. पॉलिश पेपर, गुळगुळीत कातडी, पायरीवर रडलेली शकीला, काढून टाकलेलं घड्याळ, सहा पाचला त्यानं दिलेलं उत्तर. परमनंट लेटर त्यानं घडी करून आणलं होतं, तेही टेबलावर ठेवलं. "हे त्याबद्दल भेटलं, मॅडम."

"हे सगळं तोंडी आहे," वकील म्हणाले.

"तोंडी कशापायी?" बद्रीनाथनं डावा हात वर केला. "बोटं हायेत की."

पहिलं बोट काचेवर ठेवलं. "थँक्यू," मशीन म्हणालं. स्क्रीनवर नाव आलं, शकीला गयास शेख. गयासच्या तोंडून आवाज फुटला, लाकूड तडकावं तसा. मधलं बोट. थँक्यू. लीलाबाई. मेघा उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. अनामिका, तबस्सुम. करंगळी, सोजरबाई. चार थँक्यू, चार नावं, एका पुरुषाच्या हातावर. अधिकारीबाई लिहीत होत्या, पान उलटून लिहीत होत्या. वकील अपिलासाठी मुदत मागू लागले, आणि ती मिळणार, मग पुढची तारीख, मग वरचं कोर्ट, हे बाकांवरच्या सगळ्यांना कळत होतं. तीस लाख आणि शून्य यांच्यातलं अंतर एका दुपारी तुटत नसतं. तरी त्या चौघी चोरी करायला आत शिरल्या नव्हत्या, एवढं आता कागदावर आलं होतं.

बद्रीनाथनं हात मागं घेतला. बोटं हलकी झाली होती. चारही.

"अंगठाही ठेवा," अधिकारीबाई न बघताच म्हणाल्या. "त्यावर काही नाही, तेही लिहून घेते. उद्या कुणी शंका काढायला नको."

"अंगठा मी कुणालाच दिलेला नाय, मॅडम. चारच जणी होत्या."

"म्हणूनच. ठेवा."

त्यानं अंगठा ठेवला. मशीननं वेळ घेतला. हिरवा उजेड एकदा गेला आणि परत आला.

"थँक्यू."

बाईंनी चष्मा वर केला. स्क्रीनवर पंचेचाळीस नंबर होता. नावाची जागा कोरी. शिपायानं बटण दाबून त्या नंबराची नोंद काढली. आत्ताची सोडून ती एकच होती. आगीचा मंगळवार, सकाळी आठ वाजून नऊ मिनिटं, आत. बाहेर पडल्याची नोंद नव्हती.

"ही कोण?"

बद्रीनाथ अंगठ्याकडं बघत होता. त्या सकाळी आठ नऊला... रांग होती, पाऊस होता, कुणीतरी डोक्यावरून पदर ओढून... की नव्हतं कुणी? त्याला आठवेना. "मॅडम, आईची शपथ. मी नाय नोंदवला."

"मेघा, तुझ्या आईसोबत आणखी कुणी?"

"नाही मॅडम. राखेतून नऊच निघाले. नऊच रिपोर्ट आले."

"ठेकेदाराच्या यादीत?"

वकिलांनी यादी उलटसुलट केली. यादी चव्वेचाळीसवर संपत होती. कुणी तक्रार दिली नव्हती, कुणी शोधत आलं नव्हतं, कुणाच्या घरी चूल बंद राहिल्याची बातमी नव्हती. मग नियमच तसा म्हणून, की दुसरं काही सुचेना म्हणून, अधिकारीबाईंनी शिपायाला सांगितलं, "बाहेर पुकारा कर. नाव नाही, तर नंबर पुकार."

शिपाई दारात गेला. व्हरांड्यात त्याचा आवाज घुमला. "पंचेचाळीस नंबर... पंचेचाळीस नंबरतर्फे कुणी हजर आहे का?"

जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

"चल, लाव दार," बाई म्हणाल्या.

शिपायानं दार लावलं नाही. तो बाजूला सरकला, एका हातानं झडप धरून, म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसा. त्याची नजर उंबऱ्यावरून आत आली, फरशीवरून सावकाश चालत बाकांपर्यंत गेली आणि सोजरबाईच्या नवऱ्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर थांबली. सोजरबाईचा नवरा, काय करतोय हे न कळताच, थोडा पलीकडं सरकला.

"बसा बाई," शिपाई म्हणाला, आणि मग त्यानं दार लावलं.